सावत्र : ओळख आणि हाक

सीमाभागातल्या वर्तमानपत्रांत ‘सापत्न वागणूक’ हा शब्दप्रयोग इतका नेहमीचा आहे, की त्यातले घर आता कुणाला दिसत नाही. संस्कृतात ‘सपत्नी’ म्हणजे सवत. त्याच कुळातल्या ‘सपत्न’चा अर्थ प्रतिस्पर्धी, शत्रू. म्हणजे भावंडांचे नाते आपण त्यांच्या आयांच्या वैरावरून ठरवतो. भावंडे आपसांत भांडलेली असोत वा नसोत.

शिवाय हा शब्द ढोबळ आहे. बाप एक आणि आया दोन असोत, की आई एक आणि बाप दोन, मराठीत दोन्ही नाती सावत्रच. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा या दोहोंत फरक करतो. गंमत अशी, की ‘सहोदर’ म्हणजे एका उदरातून आलेले. त्या न्यायाने एका आईची पण दोन बापांची मुलेही सहोदर ठरतात. त्यांना तसे कुणी म्हणत नाही.

या नात्याची आपल्या इतिहासातली ठळक जोडी म्हणजे शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे. एकाचे घडणे पुण्याकडे, दुसऱ्याचे कर्नाटकात. शहाजीराजे १६६४ मध्ये वारले आणि दोघा भावांची भेट १६७७ मध्ये, कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमलवाडीला झाली. महाराजांनी तेव्हा पंचेचाळिशी ओलांडली होती. विषय वडिलांच्या मिळकतीच्या वाटणीचा होता. बोलणे फिसकटले, व्यंकोजीराजे रातोरात निघून गेले आणि नोव्हेंबरात त्यांच्या फौजेची महाराजांच्या माणसांशी लढाई झाली. महाराजांच्या बाजूने तिथे लढत होते संताजी भोसले, तेही शहाजीराजांचेच पुत्र. पुढे तह झाला. त्यानंतर व्यंकोजीराजे खिन्न होऊन विरक्तीकडे झुकले, तेव्हा महाराजांनी त्यांना पत्र लिहून कर्तृत्वाकडे परत बोलावले. मला त्या लढाईपेक्षा हे पत्र मोलाचे वाटते. वाटणीच्या वादात बाप असतो. थोरला भाऊ या पत्रात दिसतो.

आमच्या भागात या नात्याला दुसरी भाषाही आहे. कन्नडमध्ये सावत्र आई ‘मलतायि’, धाकटा सावत्र भाऊ ‘मलतम्म’. पण कन्नड भावंडांच्या नावांतच थोरले-धाकटे ठरलेले असते : अण्ण-तम्म, अक्क-तंगि. मराठीतले ‘भाऊ’ आणि ‘बहीण’ हे सांगत नाहीत. म्हणून की काय, आपण अण्णा आणि अक्का कन्नडकडून घेतले.

हा भाषाभेद मला पुस्तकात कळला होता, पण त्याचा अर्थ माझी थोरली बहीण भेटल्यावर लागला. तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. वडिलांची पहिली बायको बाळंतपणात गेली. मुलगी गोकाककडच्या आजोळी वाढली आणि दोन्ही घरांचे जाणे-येणे तुटले. तिची आई आणि माझी आई एका घरात कधी नांदल्याच नाहीत. सवतीचे वैर व्हायला जागाच नव्हती. वडील वारल्यावर वारसनोंदीसाठी वंशावळ करताना तिचे नाव पुढे आले आणि मी तिला शोधत गेलो. तिने आधी हिस्सा विचारला. ते रास्तच होते. निपाणीजवळच्या तंबाखूच्या रानात तिच्या वाट्याचे तिला लावून दिले, त्यानंतर बोलणे मोकळे झाले.

तरीही दोन वर्षे ती मला ‘सर’ म्हणे आणि मी तिला ‘बाई’. तिचे मराठी अडखळते, माझे कन्नड बाजारापुरते. एकदा माझ्या आजारपणात तिचा फोन आला, पहिलाच शब्द ‘तम्मा’. ‘मलतम्म’ असे तोंडावर कुणी म्हणत नाही, जसे मराठीत ‘सावत्र’ म्हणून कुणी साद घालत नाही. हे शब्द तिसऱ्याला ओळख सांगायला असतात. हाक मारायला नव्हेत. त्या दिवसापासून मी तिला अक्का म्हणतो. माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेत तिचे नाव ‘आत्या’ म्हणून छापले, आणि छापखान्यात कुणी काही विचारले नाही.

माझ्या आईला मात्र ती कधी ‘मावशी’ म्हणते, कधी काहीच म्हणत नाही.