नागरिक आणि कायदा : लेखांक 7 – श्वानाचा धनी कोण?

मागील लेखांकात घरमालक व भाडेकरू यांच्या परस्पर हक्कांचा विचार केला. आज ज्या विषयाकडे वळावयाचे आहे तो वरकरणी क्षुल्लक भासला, तरी त्यानेच एकेकाळी मुंबईचे सारे व्यवहार ठप्प करून टाकले होते. 1832 च्या जून महिन्यात, मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम आणि प्रत्येक मारलेल्या कुत्र्यामागे मिळणारे इनाम यांच्या जोरावर शिपाई लोकांच्या दारची पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले, तेव्हा ज्यांच्या अंत्यविधीत श्वानदर्शनाला धार्मिक स्थान आहे अशा पारशी समाजाने दुकाने बंद ठेवली आणि किल्ल्यातील फौजेची रसद अडवून धरली. कुत्र्याचा धनी कोण, याची चौकशी न करता काढलेला हुकूम तडीस जात नाही, हा धडा या शहराला तेव्हाच मिळालेला आहे.

धनी ज्ञात असेल तेथे कायदा स्पष्ट आहे. 1860 च्या भारतीय दंडसंहितेचे कलम 289 आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेले भारतीय न्याय संहितेचे कलम 291 यांचा आशय एकच : आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवितास धोका किंवा जबर दुखापत संभवत असता, ती टाळण्यापुरता बंदोबस्त जो इसम जाणूनबुजून अथवा हयगयीने करीत नाही, तो 6 महिन्यांपर्यंतच्या कारावासास, किंवा पूर्वी 1,000 व आता 5,000 रुपयांपर्यंतच्या दंडास, अथवा दोन्हींस पात्र होतो. यात चावा घेतलाच पाहिजे अशी अट नाही, हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. बंदोबस्तात कसूर करणे, एवढाच अपराध पुरेसा आहे. ‘आमचा कुत्रा आजवर कोणाला चावलेला नाही’ हे जिन्यात हरघडी ऐकू येणारे उत्तर म्हणूनच कायद्यापुढे लंगडे पडते.

मुंबईतच घडलेला एक खटला या कलमाचे मर्म उकलून दाखवितो. 2010 साली दोन नातलगांत मोटारीपाशी मालमत्तेवरून वाद चालला असता मोटारीतील रॉटवायलर जातीचा कुत्रा खवळलेला होता. दार उघडू नका अशी विनवणी करूनही धन्याने ते उघडले, आणि कुत्र्याने समोरच्या वृद्ध गृहस्थास 3 ठिकाणी चावे घेतले. 2023 मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी धन्यास 3 महिन्यांची कैद सुनावली. शिक्षा झाली ती उघडलेल्या दारासाठी. मात्र फिर्यादीला निकालासाठी तेरा वर्षे तिष्ठावे लागले, ही गोष्ट न्यायव्यवस्थेला भूषणावह नाही.

ज्यांना धनी नाही त्यांचे काय? रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमात मोकाट कुत्री मारण्यास मुभा होती. परंतु 2001 चे नियम आणि त्यांच्या जागी आलेले 2023 चे नियम यांनी निराळा मार्ग आखून दिला. कुत्रे पकडावे, त्याची नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी, ओळखीसाठी कानाला खाच पाडावी आणि जेथून उचलले तेथेच परत सोडावे. एका गल्लीतील कुत्री दूर नेली की रिकाम्या झालेल्या जागेत लस न टोचलेली नवी कुत्री येतात, हा अनुभव त्यामागे आहे. पाळीव कुत्र्याच्या लशीचा भार या नियमांनी धन्यावर टाकला आणि मोकाट कुत्र्याचा नगरपालिकेवर. म्हणजे रस्त्यावरचे कुत्रेही कायद्याच्या दृष्टीने बेवारशी राहिलेले नाही.

न्यायालयांची भूमिका मात्र अद्याप स्थिरावलेली नाही. मोकाट कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी ती दत्तक घेऊन त्यांची नोंद करावी, असे नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2022 मध्ये फर्माविले, तर पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याच न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके व क्रीडासंकुले यांच्या आवारातील कुत्री हलवून ती तेथे परत सोडू नयेत, असा हुकूम दिला. मुलांच्या जिवाचा विचार करता तो मला योग्य वाटतो. पण हलविलेल्या कुत्र्यांसाठी निवारे उभारण्याची तजवीज केल्यावाचून तो कागदावरच राहील. नियमांनी सांगितलेले लसीकरणाचे काम मात्र अशक्य नाही, याची साक्ष गोवा देतो : गावोगाव जाळी घेऊन फिरणाऱ्या पथकांनी वर्षानुवर्षे लसीकरण केले आणि 2021 मध्ये ते रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले.

या साऱ्या व्यवस्थेत एक छिद्र राहून गेले आहे. हौस फिटल्यावर कुत्रे रस्त्यावर सोडून देणारा धनीच मोकाट कुत्र्यांच्या संख्येत भर घालतो. आणि प्राण्याला असे उपाशीतापाशी टाकून देणाऱ्यास 1960 च्या अधिनियमाने पहिल्या अपराधासाठी ठरविलेला दंड आहे 10 ते 50 रुपये! साठ वर्षांहून अधिक काळ लोटूनही संसदेने तो वाढवू नये, हे लाजिरवाणे आहे, आणि त्यात तातडीने दुरुस्ती झाली पाहिजे.

तोवर ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी लशीचा दाखला व पालिकेचा परवाना यांची मुदत आजच तपासावी. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी, हळद-चुन्याच्या नादी न लागता त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि लशीची एकही मात्रा चुकवू नये. कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपचार नाही.