गाडीच्या आधी अर्थिंग
(घरची वीजगाडी : लेखांक 4)

मागच्या आठवड्यात बॅटरी किती मोठी घ्यावी ते पाहिलं. ती भरायची कुठे, याचं देवळीतलं उत्तर सोपं आहे : घरीच, रात्री. म्हणून शोरूमची पायरी चढण्याआधी घरची वायरिंग तपासून घ्यावी.

देवळीहून वर्ध्याला जाऊन-येऊन 36 ते 40 किलोमीटर होतात. कॉलेज, बाजार, वाटेत सावंगीचा दवाखाना, सगळं त्यातच आलं. छोट्या वीजगाड्यांपैकी टियागो ईव्हीची लहान बॅटरी 19.2 युनिटांची, कॉमेटची 17.3. कागदावर त्या 250 आणि 230 किलोमीटर धावतात. मे महिन्यात एसी लावून चौघं बसले की त्यातला तिसरा हिस्सा वजा धरावा. तरी वर्ध्याच्या तीन फेऱ्या निघतात. एका फेरीला मीटरवर पाच-सहा युनिटं पडतात. युनिटला 15 रुपये धरले तरी नव्वदच्या वर जात नाही. पेट्रोलच्या लहान गाडीला तेवढ्यासाठी दोन लिटर लागतं.

महावितरणचं बिल मात्र टप्प्यांचं असतं. शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांच्या पुढे दर चढत जातो. उन्हाळ्यात कूलरमुळे आधीच अडीचशे युनिटं होत असतील, तर गाडीची वीज वरच्या दराने पडणार. हिशेब एप्रिल-मेच्या बिलावरून करा, डिसेंबरच्या नको.

आता खरं दुखणं. गाडीसोबत मिळणाऱ्या चार्जरच्या वायरीवर एक डबी असते. अर्थिंग नीट नसेल तर तिच्यावर लाल दिवा लागतो आणि गाडी चार्जच होत नाही. लोक चार्जरला दोष देतात, पण बहुतेक वेळा दोष अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात असतो. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खड्ड्यातली ओल गेली की अर्थिंग कमजोर होतं. कोळसा-मीठ घालून खड्डा नव्याने भरावा आणि फेब्रुवारीपासून त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं.

काही ठिकाणी न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडून तो दिवा घालवतात. हे कुणालाही करू देऊ नका. न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो, आणि त्या पत्र्याला घरातली लहान मुलं हात लावतात. शिवाय चार्जिंगचा तीन किलोवॅटचा भार सहा-सात तास सलग चालतो. त्यासाठी मीटरपासून वेगळी, चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आणि चांगला 16 अँपिअरचा सॉकेट हवा. एक्स्टेंशन बोर्ड वितळतो.

नागपूरची जाऊन-येऊन वारी 180 किलोमीटरच्या पुढे जाते. या लहान गाड्यांकडून ती अपेक्षा ठेवू नये.

पुढच्या लेखात छतावरचं सोलर आणि नेट मीटरिंग. तोवर परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंग मीटरने मोजून घ्या आणि आकडा लिहून ठेवा.