माईक हातात आहे, तर आरोग्यही बोला!

वस्तीत रक्तदान शिबिर ठरलं की आम्ही आधी गायन पार्टीला निरोप देतो. नुसत्या फलकाने कोणी येत नाही. ढोलकी वाजली की आयाबहिणी उंबरा ओलांडतात. वामनदादा कर्डकांनी बाबासाहेबांचा विचार गाण्यातूनच वस्त्या-वस्त्यांत नेला.

यंदा आम्ही निवेदकाच्या हाती चिठ्ठी दिली. दर दोन गाण्यांनंतर तो एकेक ओळ सांगत गेला : वय १८ पूर्ण हवे, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. उपाशीपोटी येऊ नका. पुरुषांना ३, महिलांना ४ महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते.

गाणारी ताईच पहिली उठली. हिमोग्लोबिन ९ निघालं. रक्त घेतलं नाही. ती खट्टू झाली. पण पुढच्या गाण्याआधी तिनेच माईकवर सांगितलं, "माझं रक्त कमी आहे, आज कळलं. तुम्हीही तपासून घ्या." मग तपासणीच्या रांगेत बायाच जास्त!

विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेल आहे. त्या लेकरांना अनेकदा रक्त चढवावं लागतं. म्हणून कलावंतांनो, पुढच्या कार्यक्रमात दोन गाण्यांमधली दोन मिनिटं आरोग्याला द्या. आणि ज्यांचं रक्त कमी निघालं, त्यांनी घरी बसू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा, लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात.

जय भीम!