ठिबक संचासाठी फिल्टरची निवड : पाण्याची परीक्षा व खर्चाचा हिशोब

ठिबक संच बसविण्याचे ठरले की शेतकरी नळ्यांची जाडी, ड्रिपरची संख्या आणि पंपाची अश्वशक्ती यांविषयी कसून चौकशी करतो. फिल्टरविषयी मात्र तो बहुधा एकच प्रश्न विचारतो, आणि तो म्हणजे त्याची किंमत किती. वास्तविक पंपातून निघणारा पाण्याचा प्रत्येक थेंब याच एका दारातून शेतात जात असतो. हे दार नीट राखले गेले नाही तर शेतातील हजारो ड्रिपर हळूहळू बंद पडतात, आणि ही गोष्ट पुष्कळदा एप्रिल-मेच्या उन्हात झाडे माना टाकू लागल्यावरच ध्यानात येते. ठिबकावर वाढलेल्या झाडाची बहुतेक कार्यक्षम मुळे ड्रिपरखालच्या ओल्या गोलात एकवटलेली असतात. त्यामुळे भर उन्हाळ्यातील थोड्या दिवसांचा खंडही अशा झाडास जाचक ठरतो.

यास्तव फिल्टरची निवड दुकानातील किंमतपत्रकावरून न करता विहिरीच्या किंवा तळ्याच्या पाण्यावरून करावी, हे या लेखाचे सांगणे आहे.

ड्रिपर का तुंबतो

ड्रिपरमधील पाण्याचा मार्ग साधारणतः एक मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो. त्याहून बारीक कण सहज निघून जातील असे वाटते, परंतु तसे घडत नाही. पाभरीने पेरताना बियाचा प्रत्येक दाणा नळीपेक्षा लहान असतो, तरी अनेक दाणे एकदम आले की ते एकमेकांस अडकून नळी बसते. ड्रिपरमध्येही हेच होते. म्हणून ड्रिपरच्या मार्गाच्या एक दशांशाहून मोठा कण फिल्टरने अडवावा, असा सर्वसाधारण नियम आहे. मार्ग एक मिलिमीटरचा, म्हणजे १,००० मायक्रॉनचा असेल, तर सुमारे १०० मायक्रॉनपर्यंतचे कण अडविले पाहिजेत. बाजारात १२० मेश म्हणून मिळणाऱ्या जाळीची छिद्रे सुमारे १३० मायक्रॉनची असतात. बहुतेक ड्रिपरना ही जाळी चालते. ड्रिपरचा मार्ग अधिक अरुंद असल्यास त्याच्या उत्पादकाने सांगितलेली जाळीच वापरावी.

प्रथम पाण्याची परीक्षा

पंप काही वेळ चालल्यानंतर स्वच्छ काचेच्या बाटलीत पाणी भरून ती रात्रभर न हलविता ठेवावी. काही क्षणांतच तळाशी खर बसली तर पाण्यात वाळू आहे. सकाळीही पाणी गढूळ दिसले तर त्यात चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण आहेत. हिरवट तंतू वा कण तरंगताना दिसले तर ते शेवाळ होय. उपसतेवेळी स्वच्छ असलेले पाणी उघड्यावर राहून तांबूस झाले तर त्यात लोह आहे असे समजावे. या घरगुती परीक्षेनंतर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत अवश्य तपासून घ्यावा. दर लिटरमागे तरंगणारे कण ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास तुंबण्याचा धोका अल्प, ५० ते १०० असल्यास मध्यम आणि १०० हून अधिक असल्यास मोठा मानला जातो.

फिल्टरचे चार प्रकार

जाळीचा फिल्टर, म्हणजे स्क्रीन फिल्टर, हा सर्वांत साधा व स्वस्त होय. पोलादाच्या किंवा नायलॉनच्या जाळीवर कण अडतात. वाळूच्या थोड्या कणांसाठी तो उत्तम आहे. शेवाळापुढे मात्र तो फार काळ टिकत नाही, कारण शेवाळ मऊ असल्याने जाळीवर पसरून ती लगेच बंद करते आणि दाब वाढला की तिच्या छिद्रांतून पुढे ढकलले जाते.

चकत्यांचा फिल्टर, म्हणजे डिस्क फिल्टर, यात बारीक खाचा पाडलेल्या प्लास्टिकच्या चकत्या एकमेकींवर घट्ट दाबून बसविलेल्या असतात. घाण केवळ वरच्या पृष्ठभागावर न अडता खाचांच्या खोलीतही धरली जाते. त्यामुळे जाळीपेक्षा शेवाळ व पालापाचोळ्याचे कण हा अधिक अडवितो. त्याची किंमत जाळीच्या फिल्टरपेक्षा काहीशी अधिक असते.

वाळूचा फिल्टर, म्हणजे सँड फिल्टर, हा पोलादी टाकीत धारदार कडांची ठरावीक जाडीची वाळू भरून केलेला असतो. शेवाळ व सेंद्रिय घाणीसाठी हा सर्वांत विश्वसनीय आहे. टाकीचा आकार पाण्याच्या प्रवाहावरून ठरतो. वाळूच्या एक चौरस मीटर पृष्ठभागातून ताशी सुमारे ४० घनमीटर पाणी जावे असे धरल्यास, ६० सेंटिमीटर व्यासाची टाकी ताशी ११ ते १२ हजार लिटर पाण्यास पुरते. खरेदीत हा सर्वांत महाग पडतो.

हायड्रोसायक्लोन हा शंकूच्या आकाराचा असतो. त्यात पाणी भोवऱ्यासारखे फिरते, जड वाळू कडेस फेकली जाऊन खालच्या भांड्यात साठते आणि पाणी वरून निघते. कूपनलिकेतील वाळूसाठी हा फार उपयुक्त आहे. शेवाळ हलके असल्याने त्याजवर याचा काही उपयोग होत नाही. प्रवाहाच्या मानाने मोठा हायड्रोसायक्लोन घेतल्यास भोवरा मंद पडतो व वाळू वेगळी होत नाही. म्हणून येथे मोठा तो चांगला हा समज सोडावा.

कोणत्या पाण्यास कोणता फिल्टर

१. स्वच्छ विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी : जाळीचा अथवा चकत्यांचा फिल्टर पुरेसा आहे.

२. वाळू येणारी कूपनलिका : प्रथम हायड्रोसायक्लोन व त्यापुढे जाळीचा फिल्टर बसवावा. पंप सुरू व बंद होताना काही वाळू निसटते, ती पुढील जाळी अडविते.

३. शेततळे, कालवा, नदी किंवा उघडी विहीर, जेथे शेवाळ आहे : प्रथम वाळूचा फिल्टर व त्यापुढे जाळीचा अथवा चकत्यांचा फिल्टर बसवावा. खत देण्याची व्हेंचुरी या दोहोंच्या मध्ये ठेवावी, म्हणजे न विरघळलेल्या खताचे कण पुढील फिल्टरमध्ये अडतात.

शेततळ्यातील पाणी उपसताना फूटव्हॉल्व्ह तळाच्या गाळात ठेवू नये व पृष्ठभागाच्या शेवाळातही ठेवू नये. तरंगत्या पिंपास बांधून तो पाण्याखाली सुमारे अर्धा मीटर राहील असे करावे. या अल्प खर्चाच्या उपायाने फिल्टरवरील बराच भार हलका होतो.

खर्चाचा हिशोब

एक हेक्टर डाळिंबाची बाग ४.५ × ३ मीटर अंतरावर लाविली असता सुमारे ७४० झाडे बसतात. दर झाडास ताशी ४ लिटरचे चार ड्रिपर दिल्यास एकूण २,९६० ड्रिपर होतात आणि ताशी सुमारे १२ हजार लिटर पाणी लागते. पाणी शेततळ्याचे, हंगाम १२० दिवसांचा व पंप रोज ३ तास चालतो असे धरू. पुढील दर केवळ हिशोबाची रीत दाखविण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातील प्रत्यक्ष दर घालून हा हिशोब पुन्हा मांडावा.

केवळ जाळीचा फिल्टर घेतला, त्याची किंमत ३,००० रुपये व आयुष्य ५ वर्षे धरले, तर वार्षिक घसारा ६०० रुपये येतो. शेवाळामुळे रोज दोनदा, दर वेळी १५ मिनिटे तो उघडून धुवावा लागला तर हंगामात ६० तास, म्हणजे साडेसात दिवसांची मजुरी जाते. ४०० रुपये दराने ही ३,००० रुपये झाली. शंभरांपैकी दहा ड्रिपर बदलावे लागले तर २९६ ड्रिपरचे ५ रुपयांप्रमाणे १,४८० रुपये होतात. एकूण वार्षिक खर्च ५,०८० रुपये.

त्याच जाळीपूर्वी २०,००० रुपयांचा वाळूचा फिल्टर बसविला व त्याचे आयुष्य १० वर्षे धरले, तर दोहोंचा घसारा २,६०० रुपये येतो. वाळूची भर ५०० रुपये, आणि रोज १० मिनिटे धुण्याची अडीच दिवसांची मजुरी १,००० रुपये. वाळूतून पाणी जाताना सुमारे ३ मीटर दाब खर्च होतो. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरल्यास त्यासाठी हंगामात सुमारे ७१ युनिट वीज लागते. ५ रुपये दराने ती ३५५ रुपयांची होते. एकूण वार्षिक खर्च ४,४५५ रुपये.

म्हणजे खरेदीत कित्येक पट महाग दिसणारा संच वर्षाच्या हिशोबात स्वस्त पडतो. पाण्याअभावी गळालेली फुले व वाळलेली झाडे यांची किंमत तर यात धरलेलीच नाही. घरच्या माणसाने फिल्टर धुतला तरी त्याचा वेळ हिशोबात धरावा.

याच बागेस स्वच्छ विहिरीचे पाणी असते तर निकाल उलट लागला असता. तेथे वाळूच्या फिल्टरचा घसारा, वाळू व वीज मिळून वर्षास २,८५५ रुपये निष्कारण गेले असते. अनावश्यक फिल्टर हाही अपव्ययच होय.

निगा

फिल्टरच्या दोन्ही बाजूंस दाबमापक असलेच पाहिजेत. फिल्टर स्वच्छ असताना दोहोंतील फरक लिहून ठेवावा. हा फरक दर चौरस सेंटिमीटरमागे ०.३ ते ०.५ किलोने वाढला की फिल्टर धुवावा. वाळूचा फिल्टर बॅकवॉशने, म्हणजे पाणी उलट दिशेने खालून वर सोडून, निघणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवावा. हे पाणी परत तळ्यात सोडू नये. मधूनमधून पंप बंद करून व दाब उतरवून टाकीचे झाकण उघडावे आणि वाळू हाताने ढवळून गोळे फोडावेत. जाळी फाटली असल्यास ती त्वरित बदलावी, कारण फाटक्या जाळीचा फिल्टर असून नसल्यासारखाच असतो.

फिल्टरच्या मर्यादा

चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण फिल्टरमधून निघून जातात व लॅटरलच्या टोकाशी साठतात. त्यासाठी लॅटरलची टोके वेळोवेळी उघडून त्या धुवाव्यात. पाण्यात विरघळलेले क्षार कोणताही फिल्टर अडवीत नाही. पांढऱ्या क्षारांसाठी आम्लप्रक्रिया व बुळबुळीत जिवाणूंसाठी क्लोरीनप्रक्रिया तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावी. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. आम्ल व क्लोरीन एकत्र मिसळल्यास विषारी वायू निघतो, म्हणून ती दोन्ही कधीही एकत्र करू नयेत.

खरेदीपूर्वी

भारतीय मानक चिन्ह पाहूनच माल घ्यावा. जाळी व चकत्यांच्या फिल्टरसाठी आय. एस. १२७८५, वाळूच्या फिल्टरसाठी आय. एस. १४६०६ आणि हायड्रोसायक्लोनसाठी आय. एस. १४७४३ ही मानके आहेत. किंमतपत्रक मागताना ताशी प्रवाह, जाळीचा मेश व दोन दाबमापक यांचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील ठिबक संचांवर उन्हाळ्यापूर्वी एक साधी पाहणी करावी. एकाच लॅटरलच्या आरंभी, मध्यभागी व शेवटी ड्रिपरखाली सारखे डबे ठेवून दहा मिनिटांत जमणारे पाणी मोजावे. शेवटच्या डब्यात पाणी बरेच कमी भरले तर लॅटरल व फिल्टर दोन्ही तपासावेत. ही पाहणी फेब्रुवारीत केल्यास दुरुस्तीस अवधी मिळतो व उन्हाळ्यात बाग वाचते.