पट्टी दाराची, वाट पाण्याची

जुन्या गाडीच्या दारावर, काच जिथे दारात शिरते तिथे बाहेरून एक काळी रबरी पट्टी असते. गॅरेजमध्ये कोणी तिला बीडिंग म्हणतं, कोणी नुसतं काचेचं रबर. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर भागात सेकंडहँड गाड्या बघत फिरलात, तर अनेक गाड्यांवर ती कडक होऊन चिरलेली, कोपऱ्यातून उचकटलेली दिसेल. एखाद्या दारावर ती नसतेच. विकणारा टायर आणि बॅटरीचं कौतुक सांगतो. घेणारा एसी लावून बघतो. पट्टीकडे कोणी पाहत नाही.

इथल्या हवेत तिचे हाल होणारच. इमारतीत जागा नाही म्हणून गाडी वर्षभर उघड्यावर. एप्रिल-मेमध्ये बदलापूरचं ऊन पत्रा तापवून काढतं, आणि जून ते सप्टेंबरमध्ये दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आजच्या गाड्यांची बहुतेक रबरं ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात. हवेतला ओझोन साध्या रबराला चिरा पाडतो, ईपीडीएम त्याला सहसा दाद देत नाही. पण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तेही आक्रसतं, त्याची लवचीकता जाते. पट्टीच्या आतल्या ओठाला मखमलीसारखी लव असते, ती झिजते. मग तिच्यात अडकलेली धूळ काच वर-खाली होताना उभ्या रेघा ओढत जाते.

माझ्या जुन्या हॅचबॅकच्या चारही पट्ट्या मी पावसाआधी बदलून घेतल्या. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात पहिलाच प्रश्न आला, “ओरिजिनल चाहिए या लोकल?” दुकानदाराने दोन्ही काउंटरवर ठेवल्या. ओरिजिनलची लव दाट आणि सारखी होती. ओठ बोटाने दाबून सोडला की लगेच जागेवर येत होता. लोकलचा ओठ दबलेलाच राहत होता. काचेला सतत टेकून राहणं हेच ज्याचं काम, त्याचा स्प्रिंगपणा गेला तर उरलं काय? डाव्या-उजव्या, पुढच्या-मागच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतात, म्हणून जुनीशी लांबी आणि टोकांचा आकार जुळवूनच घ्याव्यात.

काम अंबरनाथच्या एका कारागिराकडून करून घेतलं. त्याने आधी काच पूर्ण खाली घेतली, पट्टीखालच्या रंगावर मास्किंग टेप लावली आणि प्लॅस्टिकचा चपटा तुकडा घालून पट्टी एका टोकापासून हळूहळू वर उचलायला सुरुवात केली. “स्क्रूड्रायव्हर घातला की रंग उडतो, साहेब. मग तिथूनच गंज सुरू,” तो म्हणाला. काही गाड्यांत पट्टीचं पुढचं टोक आरशाखाली जातं, तिथे आरसा सोडवावा लागतो. काहींत दाराच्या कडेला एक स्क्रू असतो. तो न काढता ओढलं तर पत्र्याची कड वाकते.

पट्टी निघाली तेव्हा खाली मातीची जाड रेघ होती आणि एका जागी गंज नुकता धरू लागला होता. त्याने माती ब्रशने काढली, गंज पॉलिश पेपरने घासला, प्राइमर आणि रंगाचा हात दिला आणि पुरतं वाळू दिलं. पेट्रोल किंवा डिझेलचा बोळा त्याने कुठेच वापरला नाही. पेट्रोल-डिझेलने ईपीडीएम फुगतं आणि सैल पडतं. रबराला ओल्या कापडाने पुसणं आणि सिलिकॉन स्प्रे एवढं पुरतं.

नवी पट्टी बसवण्याआधी त्याने मला दाराखाली वाकून बघायला सांगितलं. खालच्या कडेला लहान छिद्रं असतात. बाहेरची पट्टी काचेवरचं बहुतेक पाणी निपटते, पण थोडं पाणी दारात उतरतंच. दाराची रचनाच तशी असते. ते पाणी या छिद्रांतून बाहेर पडतं. माझ्या गाडीची छिद्रं चिखलाने बुजली होती. त्याने केबल टायच्या टोकाने ती मोकळी केली, वरून मगभर पाणी ओतलं आणि खालून गढूळ पाणी आलं. तेच आत साचून दाराचा तळ कुजवतं, पॉवर विंडोची मोटर आणि स्पीकर घालवतं.

मग आरशाकडचं टोक आधी जुळवून, तळव्याने दाबत दाबत त्याने पट्टी बसवली. प्रत्येक क्लिपचा टक्क आवाज ऐकूनच पुढे गेला. हातोडी लागली नाही. काच वर-खाली करून ओठ सगळीकडे टेकतो ना ते पाहिलं. शेवटी, बंद दार ज्याला टेकतं त्या चौकटीच्या रबरासाठी कागदाची चाचणी केली: कागद मध्ये ठेवून दार लावायचं आणि ओढायचं. सहज निघाला तर तिथून पाणी आणि वारा येणार.

याच चौकटीच्या रबराचा आणखी एक उपयोग त्याने दाखवला: पुरात बुडालेली गाडी ओळखणं. उल्हास नदीचा पूर बदलापूरला नवा नाही. २६ जुलै २००५ चा पूर इथे कोणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवावं लागलं. अशा वेळी बुडालेल्या गाड्या धुऊन, पॉलिश करून बाजारात येऊ शकतात. सीटचं कापड बदलता येतं, पण चौकटीचं रबर ओढून काढलं तर त्याच्या खाचेत सुकलेला गाळ सापडू शकतो. रबराच्या कडेवर रंगाचे शिंतोडे असतील तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे, आणि का रंगवला हे विचारायलाच हवं.

म्हणून मे महिन्यातच पट्ट्या तपासा आणि नव्या घालताना दारांची छिद्रं मोकळी करून घ्या. नुसती पट्टी बदलणं हे अर्धं काम आहे. सेकंडहँड गाडी घेताना चौकटीचं रबर हातभर ओढून बघा. विकणारा ते करू देत नसेल, तर ती गाडी घेऊ नका.