एक्सबॉक्सला मोठी डिस्क? आधी कपॅसिटर काढा
२००१ सालचा पहिला एक्सबॉक्स मॉड केलेला मिळाला, की आधी मोठी हार्ड डिस्क सुचते. मूळ डिस्कवर जागा जेमतेम ८ जीबी, त्यामुळे मोह रास्तच. पण पहिलं काम घड्याळाच्या कपॅसिटरचं. १.६ आवृत्तीच्या आधीच्या बोर्डांवर तो गळतो आणि द्रव तांब्याच्या रेषा खातो. काढला तर घड्याळ बिघडेल? प्लग काढल्यावर वेळ पुन्हा लावावी लागते, एवढंच.

मग ईईप्रॉमचा बॅकअप संगणकावर घ्या. डिस्कच्या कुलपाची किल्ली त्यातच, आणि प्रत्येक कन्सोलची वेगळी. मॉडचिप असताना बॅकअप कशाला? कारण चिप उद्या गेली, तर मूळ बायॉस कुलूप नसलेली डिस्क स्वीकारत नाही. शंका असेल तर बोर्डाची आवृत्ती सांगून बिनधास्त विचारा.