वैशाखाचं ऊन आषाढात

मालवणात गाय माजावर आली की कृत्रिम रेतनासाठी फोन जातो. थोड्या वेळात मोटारसायकलला नायट्रोजनचा कंटेनर बांधलेला पशुधन पर्यवेक्षक अंगणात उभा. झाकण उघडलं की पांढरी वाफ उसळते. आत उणे १९६ अंशांत बुडालेली, उदबत्तीसारखी बारीक कांडी. तिच्यात पाव मिलीलिटर द्रव आणि सुमारे २ कोटी शुक्राणू.

ही कांडी भरली जाते ती उरुळी कांचनच्या बायफसारख्या केंद्रांत, आणि तीही सकाळच्या गारव्यात. वळूला डमीवर एक-दोनदा चढू देतात, पण काम होऊ देत नाहीत. या खोळंब्याने शुक्राणूंची संख्या वाढते. सहसा आठवड्यातून दोन दिवसच वीर्य घेतात. रोज घेतलं तर साठा आटतो, फार दिवस थांबलं तर साठलेले शुक्राणू शिळे होतात. गोड्या पाण्याच्या बावीसारखं आहे हे!

खरी गंमत मात्र घड्याळात नाही, कॅलेंडरात आहे. शुक्राणू घडायला वळूच्या शरीरात सुमारे ६१ दिवस लागतात, पुढे पिकायला आणखी आठ-दहा. मोठ्या होल्स्टीन वळूत दिवसाला ६०० कोटी तयार होतात. म्हणजे सेकंदाला सत्तर हजारांच्या घरात! हा कारखाना चालायला मात्र गारवा हवा, शरीराच्या ३८.५ अंशांपेक्षा दोन ते सहा अंश कमी. म्हणून वृषणं बाहेर लोंबतात. उकाड्यात पिशवी सैल होते, थंडीत वर ओढली जाते. वरच्या बाजूला नागमोडी धमनीभोवती शिरांची जाळी असते. खालून परतणारं गार रक्त वरून येणारं गरम रक्त निववतं. इतका साधा आणि इतका देखणा कूलर मी दुसरा पाहिला नाही.

वैशाखात हा कूलर अपुरा पडला, तर वळू वरून ठणठणीत दिसतो. बिघाड दिसत राहतो तो पार आषाढापर्यंत, सूक्ष्मदर्शकाखाली: वाकड्या शेपट्या, मंद चाल. बाहेर पाऊस धो धो कोसळत असतो आणि काचेवर मे महिना दिसतो. किनाऱ्यावर तर पारा विदर्भाइतका चढत नसला, तरी दमट हवेत घाम सुकत नाही.

आपल्या कोकण कपिला गाईच्या, वशिंडवाल्या कुळातल्या वळूंची धमनी वृषणाच्या मानाने विलायती वळूंपेक्षा लांब, भिंती पातळ, शिरांना अगदी खेटून. तिथे रक्त जास्त निवतं. दूध कमी म्हणून जिला आपण नावं ठेवतो, तिच्या कुळाने उन्हाचा प्रश्न आधीच सोडवलेला आहे.

कांडी उत्तम असूनही गाय उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, तर आपलं घड्याळ तपासा. सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी भरवावी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. तेव्हा फोन करताना ‘गाय माजावर इली’ एवढंच सांगू नका, केव्हापासून तेही सांगा.